गुडघ्याइतक्या उंचीचा नळ

माझ्या बाबांना माझा अभिमान वाटायला लागला तो एका गैरसमजामुळे, आणि तो गैरसमज दूर करायची मला अजिबात घाई नव्हती. चाळिशीला टेकलेल्या मुलीला बापाकडून पहिल्यांदा शाबासकी मिळत असेल, तर ती कशाबद्दल मिळतेय याची चौकशी तिने करू नये, असं माझं तेव्हा मत होतं.

मी क्योतोतल्या एका विद्यापीठात संशोधन करते. विषय आहे दक्षिण स्पेनमधली जुनी चर्च, जी पूर्वीच्या मशिदींच्या जागेवर उभी राहिली. पुण्याची मुलगी, राहते जपानमध्ये, काम करते स्पेनमधल्या चर्चवर, हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल, मग गोंधळ आणि शेवटी सहानुभूती कोणत्या शब्दाला उमटणार हे मला आधीच कळतं. खुलासा अगदी साधा आहे. या विषयातले एक नावाजलेले प्राध्यापक क्योतोत शिकवत होते, त्यांच्याकडे शिष्यवृत्ती होती, आणि मला काहीही करून पुण्याबाहेर पडायचं होतं. मी पडले, आणि मग तिकडचीच झाले.

बाबा पाणीपुरवठा खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी काम म्हणजे सकाळी नळाला पाणी येणं. बाकी सगळं हौस. त्यामुळे टेकडीवर फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळात माझा विषय निघाला की ते "ती जपानला असते" एवढंच म्हणायचे. ऐकणारे मनातल्या मनात मला एखाद्या रोबोच्या शेजारी उभं करायचे आणि बाबा त्यांना करू द्यायचे. पण एकदा बाकावरच्या एका चिकट गृहस्थांनी खोदून खोदून विचारलं, की नक्की काय करते. बाबांनी नाइलाजाने सांगून टाकलं, "मशिदी पाडून त्या जागी चर्च कशी बांधली, त्याच्यावर तिचा अभ्यास आहे."

बाक म्हणे एकदम सरळ बसला. मग एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "अशा मुली पाहिजेत हो!" आणि कोणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबांना हे इतकं अनपेक्षित होतं की त्यांनी घरी पोचायच्या आधी, टेकडीच्या पायथ्यावरूनच मला फोन लावला.

"तुझ्या विषयाला फार महत्त्व आलंय गं," ते म्हणाले. "तू कधी नीट बोललीच नाहीस आमच्याशी."

मी नीट अनेकदा बोलले होते. प्रबंधाची प्रत टपालाने पाठवली होती, ती बाबांनी टीव्हीखाली आडवी ठेवली होती, कारण टीव्ही एका बाजूला झुकत होता. पण हे त्या क्षणी काढायला मी काही वेडी नव्हते. मी नुसतं "हो का?" म्हटलं आणि दिवसभर उगीचच हसत सायकल चालवली.

गैरसमज नेमका काय होता तेही सांगते. मशिदी पाडल्या हे खोटं नाही. कोर्दोबाची पाडली नाही, तिच्या पोटात चर्च बांधलं. सेव्हिलची आधी बरीच वर्षं चर्च म्हणून वापरली आणि मग पाडली. जिंकणाऱ्यांनी जिंकल्यासारखंच वागायचं ठरवलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण माझं काम पाडलेल्याचं नाही, उरलेल्याचं आहे. सेव्हिलचा मिनार ठेवला आणि त्याच्या डोक्यावर घंटा टांगल्या. हातपाय धुवायचं अंगण ठेवलं, त्यातली संत्र्याची झाडं ठेवली, झाडांच्या मुळाशी जाणारे पाण्याचे पाट ठेवले. आणि लहान गावांमधून तर पायासुद्धा तोच ठेवला, त्यामुळे एखादं चर्च रस्त्याशी आणि शेजारच्या घरांशी फटकून तिरकं उभं असतं. मी त्या तिरकेपणावर दहा-एक वर्षं घालवली आहेत. जिंकणारा आला तरी त्याला रोज सकाळी पाणी लागतं, आणि खोदून ठेवलेला पाया कोणी फुकट घालवत नाही, एवढाच माझ्या विद्वत्तेचा सारांश आहे. याला टाळ्या पडत नाहीत.

बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आले ते त्या अभिमानासकट आले. क्योतोत त्यांना कचरा वेगळा करायचं काम फार आवडलं. बाटलीचं झाकण वेगळं, तिच्यावरचा कागद वेगळा, बाटली वेगळी, हे पाहून त्यांना पुण्यातल्या आपल्या सगळ्या सहकाऱ्यांना इकडे आणून उभं करावंसं वाटलं. माझ्या टेबलावर पसरलेले चर्चच्या पायाचे नकाशे मात्र ते लांबून बघायचे आणि "चालू दे, चालू दे" म्हणून निघून जायचे. देवघरातल्या वस्तूंना जसं कोणी शिवत नाही, तसं.

अशात तोक्योच्या कोतो भागातल्या मराठी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. हे सचिव सॉफ्टवेअरमध्ये आहेत, वयाने माझ्याहून लहान, पण मंडळाच्या कामात असताना त्यांच्या आवाजाला आपोआप खादीचा कुर्ता चढतो. गणेशोत्सवात माझं भाषण ठेवायचं होतं. मी विषय कळवला, 'पायाचा पुरावा: दक्षिण स्पेनमधली काही चर्च'. चार दिवसांनी पोस्टर आलं. त्यावर लिहिलं होतं, 'मशिदींच्या जागी उभी राहिलेली चर्च: एक प्रेरणादायी इतिहास'. खाली चित्र होतं ते रशियातल्या, कांद्यासारख्या घुमटांच्या चर्चचं.

मी सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, तुमचं टायटल थोडं टेक्निकल होतं. लोक शनिवारी यायला पाहिजेत ना! कंटेंट तुमचाच आहे, त्यात आम्ही काही चेंज केलेलं नाही."

दरम्यान बाबांनी ते पोस्टर टेकडीवरच्या सगळ्यांना पाठवून दिलं होतं. तिकडून जोडलेल्या हातांच्या आणि झेंड्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. बाबांनी मला तो सगळा दाखवला, एकेक करून. सत्तरी ओलांडलेला माणूस शाळेतल्या मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावं तसा फोन पुढे धरून उभा होता, फक्त पुस्तक माझं होतं. मी म्हटलं, "बाबा, मी तिथे थोडं वेगळं बोलणार आहे."

"तू काय बोलायचं ते बोल," बाबा म्हणाले. "मी पहिल्या रांगेत बसणार."

त्यांनी माझं भाषण कधीच ऐकलं नव्हतं. तोक्योला जाताना गाडीत मी भाषणाची दोन रूपं तयार केली. एक खरं, आणि एक असं की ज्याने बाबांची पहिली रांग सुखरूप राहील. दुसऱ्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त मी 'पण' या शब्दाच्या अलीकडे थांबणार होते.

हॉल एका जुन्या इमारतीत होता. खाली एका बांगलादेशी गृहस्थांचं किराणा दुकान, जिथून त्या भागातले सगळे मराठी लोक पोहे आणि तूरडाळ आणतात, आणि त्याच्या बरोबर वर हा हॉल. मंडळाला तो शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मिळाला होता, कारण त्यानंतर तिथे चर्चच्या गाण्याची तालीम होती. रविवारी एक फिलिपिनो मंडळी तिथे प्रार्थना भरवायची. म्हणजे आमचा गणपती दीड दिवसाचासुद्धा नव्हता, बुकिंगपुरता होता. सकाळी बसवायचा आणि साडेपाचला उत्तरपूजा करून डब्यात.

मी दारात चपला काढल्या आणि आत पाऊल टाकल्याबरोबर थबकले. खाली हिरवट गालिचा होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यावर समांतर फिकट रेघा होत्या. त्या रेघा कोणत्याच भिंतीशी जुळत नव्हत्या, सगळ्याच्या सगळ्या एका बाजूला तिरक्या गेल्या होत्या. दाराशी चपलांचं कपाट होतं ते एवढ्याशा हॉलला शोभणार नाही इतकं मोठं. आणि दाराच्या बाजूला, गुडघ्याइतक्या उंचीवर, एक नळ होता. त्याच्यासमोर बसायला सिमेंटचा ओटा, खाली जाळी.

मला हसू आवरेना. स्पेनला जायला मला दरवेळी अर्ज-विनंत्या कराव्या लागतात, आणि इथे माझा सगळा विषय किराणा दुकानाच्या वर आयता मांडून ठेवलेला होता. ही मशीद होती. निदान नमाजाची खोली होती. आता ते चर्च होतं. समोर पडद्याआड लाकडी क्रूस झाकलेला होता, तोही रेघांच्या बरोबर समोरच्या बाजूला.

बाबांनी नळ बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ!" ते म्हणाले. "याला म्हणतात विचार. पाय धुऊन आत यायची सोय. आपल्याकडे कार्यालयं बांधतात, झुंबरं लावतात, पण पाय धुवायला नळ नाही. जपान्यांना कळलं."

मी खरं सांगू शकले असते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सचिव आले आणि मूर्ती कुठे ठेवायची यावर चर्चा सुरू झाली. सचिवांना मूर्ती लांबट भिंतीपाशी, मध्यभागी हवी होती, फोटो चांगले आले असते. बाबांनी खिशातून फोन काढला, त्यातली दिशा बघितली, आणि एकेक रेघ ओलांडत सावकाश चालत गेले. पडद्याजवळ पोचल्यावर वळून म्हणाले, "इथे. इथे बसवला की पूर्वाभिमुख. थोडा आग्नेयेकडे झुकतोय, पण चालेल. आणि या रेघा बघा, बसणाऱ्यांच्या रांगासुद्धा आखून दिल्यात. हॉल वास्तुशास्त्राने बांधलाय."

त्या थोड्याशा झुकावाचं कारण मला पाठ होतं. जपानमधून मक्का पश्चिमेला आहे, किंचित उत्तरेकडे कललेली. तिकडे तोंड करून नमाज पढणाऱ्यांच्या समोर जो बसेल त्याचं तोंड पूर्वेलाच येणार, किंचित दक्षिणेकडे झुकून. बाबांनी फोनमधल्या सुईवरून अगदी बिनचूक ती जागा शोधून काढली होती. तिथेच पाट मांडला, बॅटरीवर चालणाऱ्या समया लागल्या, कारण खऱ्या लावल्या असत्या तर धुराची घंटा वाजली असती. सचिवांनी मंत्र लावले आणि प्राणप्रतिष्ठा झाली.

मग बाबा नळापाशी जाऊन उभे राहिले. पँटचे पाय दुमडलेले, हातात टॉवेल. येणाऱ्या प्रत्येकाला, "पाय धुऊन आत या, बाप्पा बसलेत." लोकांनाही मजा वाटली. इथे जन्मलेली पोरं पाण्याखाली पाय धरून "चुमेताई! चुमेताई!" असं ओरडत होती, म्हणजे गार, आणि पुन्हा रांगेत लागत होती. एक बाई तर म्हणाल्या, "काका, किती वर्षांनी कोणीतरी पाय धुवायला सांगितलं!" नळाच्या वर सचिवांनी 'सुस्वागतम्'चं कापड लावलं होतं. त्याच्या मागे एक जपानी सूचना चिकटवलेली होती हे आम्हाला नंतर समजलं.

पुण्याच्या पाण्याची अर्धी हयात काळजी वाहिलेला माणूस तिथे उभा राहून मनसोक्त पाणी सोडत होता. मी त्यांना इतकं खूश पाहिल्याचं मला आठवत नाही. आई गेल्यापासून तर नाहीच.

माझं भाषण सुरू झालं. सचिवांनी ओळख करून देताना 'प्रेरणादायी' हा शब्द इतक्या वेळा वापरला की मलाच स्वतःकडून काहीतरी अपेक्षा वाटायला लागल्या. बाबा पहिल्या रांगेत, मधोमध, ओल्या पायांनी मांडी घालून बसले. मी सुरुवात केली ती पाडापाडीपासूनच. कोणता राजा आला, शहर कसं घेतलं, मशिदीत पहिली प्रार्थना कशी झाली. माना डोलायला लागल्या. मागून एकजण "येस!" म्हणाला. प्रोजेक्टरच्या पडद्यावर सेव्हिलचं भव्य कॅथेड्रल आलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि बाबांनी वळून टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. 'माझी मुलगी' असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढच्या चित्रात तिरका पाया होता. माझं बोट बटणावर होतं आणि मी ते दाबत नव्हते.

तेवढ्यात दार वाजलं. खालचे दुकानदार आत आले. खांदे भिजलेले, हातात भिजलेली पोह्यांची पिशवी. अत्यंत अदबीने त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि हिंदीत म्हणाले, "माफ कीजिए, प्रोग्राम चल रहा है. लेकिन ऊपर से बहुत पानी आ रहा है. आप लोग वो पैर धोने वाला नल तो नहीं चला रहे?"

"चला रहे हैं," सचिव म्हणाले. "क्यों?"

"उसके पानी की निकासी का पाइप नीचे से काट दिया है ना! जब हमारी मस्जिद यहाँ थी तब वुज़ू के लिए लगवाया था. फिर लोग बढ़ गए, हम स्टेशन के उस तरफ बड़ी जगह में चले गए. मकान-मालिक ने पाइप काट दिया, नल पे लिखा भी है."

खाली टपटपणारं पाणी आता हॉलमध्ये ऐकू यायला लागलं. सगळ्यांनी आधी नळाकडे पाहिलं, मग गालिच्याकडे, मग गणपतीकडे. काहीजणांनी नकळत पाय जवळ घेतले. शेवटी मागच्या "येस!"वाल्याने मला विचारलं, "ताई, तुम्ही तर एक्स्पर्ट आहात. तुम्हाला माहीत होतं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता जाईल ते सगळं जाऊ दे.

"हो," मी म्हटलं. "आत आल्याबरोबर कळलं. या रेघांवर उभं राहिलं की तोंड मक्केकडे होतं. ते इथे रांगेने उभे राहायचे. रविवारी चर्चच्या खुर्च्या याच रेघांवर मांडत असणार, कारण गालिचा तोच आहे. आणि बाप्पा त्याच रेघांच्या समोर बसलाय. तसा बसवला म्हणूनच पूर्वाभिमुख झाला."

सचिवांचा खादीचा आवाज उतरला. "मग आता काय करायचं?" ते म्हणाले. "मूर्ती तिकडे भिंतीपाशी घ्यायची का? निदान सरळ तरी करू."

दोघेजण उठलेही. तेव्हा बाबा उभे राहिले. सबंध खात्याला ज्या आवाजात त्यांनी कधीकाळी फुटलेल्या लाइनीवर पळवलं असेल त्या आवाजात ते म्हणाले, "हात लावू नका. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेआधी जागची हलवत नाहीत. एवढंही माहीत नाही? आधी तो नळ बंद करा." मग दुकानदारांकडे वळून, "चलिए, दिखाइए किधर से आ रहा है." आणि माझ्याकडे एकदाही न बघता, पँट दुमडलेल्या अवस्थेत, ते त्यांच्यामागून जिना उतरून गेले.

पहिल्या रांगेत मधली जागा रिकामी झाली. गालिच्यावर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे होते. मी बटण दाबलं.

उरलेलं भाषण मी आयुष्यात दिलेलं सगळ्यात चांगलं भाषण होतं, असं म्हणायला हरकत नाही, कारण आता सांभाळायला काही उरलं नव्हतं. मी तिरका पाया दाखवला, संत्र्याची झाडं दाखवली, पाण्याचे पाट दाखवले. कोर्दोबाच्या मशिदीखाली आधी एक चर्च होतं असं सांगतात आणि त्याच्या खाली रोमन देऊळ होतं असंही सांगतात, आणि पुरावा मागितला की अभ्यासक कसे घसा खाकरतात तेही सांगितलं. काही लोक चहाच्या टेबलाकडे सरकले. काही मात्र पुढे सरकले आणि गालिच्याच्या रेघेवर बोट फिरवत ऐकत राहिले. एका मुलीने विचारलं, "मग आपण गेल्यावर इथे काय राहील?" सचिव म्हणाले, "काही नाही, आपण सगळं क्लीन करून देतो." मी म्हटलं, दमट छत राहील. त्यावर थोडं हसू झालं. पण हे सगळं बोलताना माझा जीव खाली होता. आपण बापाला चारचौघांत तोंडघशी पाडलं, आणि तेही गणपतीसमोर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

साडेपाचला आरती झाली. तालमीला आलेल्या फिलिपिनो बायका दाराबाहेर शांतपणे उभ्या राहिल्या. त्यांनाही मोदक दिले. उत्तरपूजा झाल्यावर मूर्ती हलवली, पडदा काढला, क्रूस बाहेर आला, आणि त्यांनी भराभर खुर्च्या मांडल्या. तिरक्या रेघांवरच.

मी धावत खाली गेले. बाबा दुकानात शिडीवर चढले होते. डोकं छताच्या उघडलेल्या फळीत, तोंडात टॉर्च. खाली दुकानदार शिडी धरून उभे, आणि दोघांचं जोरदार भांडण चाललंय असं मला आधी वाटलं. प्रत्यक्षात ते पाइपाच्या उताराबद्दल एकमेकांचं कौतुक करत होते. बाबांचं हिंदी पुणेरी, त्यांचं बंगाली वळणाचं, आणि टॉर्चमुळे अर्धे शब्द तर फुटतच नव्हते. पाइपाच्या कापलेल्या तोंडावर बाबांनी दुकानातलीच बाटली कापून, टेपने गुंडाळून, तात्पुरतं बूच बसवलं होतं. भिजलेल्या डाळीची पोती बाजूला ओढून ठेवलेली होती आणि गल्ल्यावर बाबांचा अर्धा प्यालेला चहा होता.

"काम उत्तम केलं होतं गं यांच्या माणसाने," बाबा खाली उतरत मला म्हणाले. "उतार एक नंबर. काप मारणारा गाढव." एवढंच. माझ्या भाषणाचं काही विचारलं नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. स्टेशनवर घेतलेला जेवणाचा डबा त्यांनी उघडला नाही. मग म्हणाले, "पाणी येतंय ते बघितलं. जातंय कुठे ते बघितलंच नाही. नोकरीत असतो तर स्वतःलाच मेमो दिला असता."

"असू दे हो, बाबा."

"तुला आत शिरल्याबरोबर कळलं होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

मला खूप विद्वान उत्तरं सुचली. शेवटी मी खरं तेच सांगितलं. "तुम्ही खूश होतात. माझ्या कामावर तुम्ही कधी खूश झाला नव्हतात. मला भीती वाटली की मी खरं काय करते ते सांगितलं तर ते जाईल."

बाबांनी डबा पुढे ओढला. मला वाटलं, गेलं. मग त्यांनी डब्याचं कागदी वेष्टण सोडवलं, उलटं करून टेबलावर सपाट केलं, माझ्या पर्समधून पेन काढून घेतलं आणि म्हणाले, "हं. ते संत्र्याच्या झाडांचं अंगण. तिथे पाणी कुठून येतं, आणि जातं कुठे? काढून दाखव."

मी काढून दाखवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या विषयातला प्रश्न विचारला होता, आणि तो माझ्या प्राध्यापकांनी विचारावा असा प्रश्न होता. त्यांनी माझी रेघ दोनदा खोडली. म्हणाले की असा उतार असूच शकत नाही, पाणी तुंबेल. मी म्हटलं, तुंबत नाही, मी स्वतः पाहिलंय. मग ते म्हणाले, पुण्यात नवीन लाइन टाकायची असली की आम्ही जुन्याच लाइनीच्या चरात टाकायचो, दुसऱ्या कुणाच्या काळातली असली तरी. परत कोण खोदणार? रस्ता म्हणून वाकडा का जातो असं लोक विचारायचे, त्यांना काय सांगणार. क्योतो येईपर्यंत ते वेष्टण दोन्ही बाजूंनी भरलं होतं आणि डबा गार पडला होता. डोळे मला खिडकीकडे तोंड करून पुसावे लागले.

महिन्याभराने ते परत गेले. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी टेकडीवरून फोन आला. मागे कावळे ओरडत होते.

"सगळे विचारत होते भाषण कसं झालं," बाबा म्हणाले.

"मग काय सांगितलंत?"

"उत्तम झालं म्हणालो."

"बाबा, तुम्ही ऐकलंच नाहीत."

"म्हणून तर ठामपणे सांगता आलं. मग मॅनेजरने विचारलं, शेवटी पाडून बांधलं ना? मी म्हटलं, हो, पाडलं. पण पाया त्यांचाच ठेवला, पाण्याची सोय त्यांचीच ठेवली, माझी मुलगी त्याच्यावर अभ्यास करते. आणि जपानमध्ये आम्ही गणपतीही तसाच बसवला, मीच बसवला, म्हणून सांगितलं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. मॅनेजर आणि तो चिकट माणूस हल्ली पलीकडच्या बाकावर बसतात." तीस वर्षांची त्यांची ओळख होती, मला माहीत होतं. "आमचा बाक आता ऐसपैस झालाय. पाय वर घेऊन बसता येतं."

मग म्हणाले, "ते तुझं पुस्तक टीव्हीखालून काढलंय. टीव्ही पुन्हा तिरका झालाय, पण दिसतो. पान चाळीसवर तू जो उतार दिलायस, तो मला पटत नाही."